बारा चौतीसची सावली

धूमकेतूच्या वर्षी मी आकाशाच्या नादाला लागलो. शहात्तर वर्षांनी येणारा पाहुणा, तो पाहायला ऑफिसातले आम्ही चौघे दुर्बीण घेऊन गावाबाहेर जाऊन आलो. दुर्बिणीतून मला कापसाचा एक पुसट बोळा दिसला. उरलेल्या तिघांनी शेपटी दिसल्याचं सांगितलं. मला ती दिसली नाही, म्हणून मी नाही म्हटलं, आणि परत येईपर्यंत माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

तरीही नाद सुटला नाही. अडचण एवढीच की मुलुंडमधून तारे दिसत नाहीत. आमच्या गच्चीवरून, कारखान्यांचा धूर आणि रस्त्यावरचे दिवे वजा जाता, मी एका स्वच्छ संध्याकाळी अकरा तारे मोजले. त्यातला एक हलत होता, म्हणजे विमान. ध्रुवतारा क्षितिजापासून एकोणीस अंशांवर असतो. आमच्याकडे नेमकी तिथे बी विंगची पाण्याची टाकी आहे.

बायको म्हणाली, "अहो, दिवसा दिसणारा एक तारा आहे की. तो बघा. रात्री घरी झोपाल तरी."

ती चेष्टेत म्हणाली होती. मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून सूर्यघड्याळाचं पुस्तक आणलं.

मी भांडुपच्या एका कारखान्यात मालाची मापं तपासायच्या खात्यात होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी भांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे सूर्यघड्याळ मला मनापासून आवडलं. एक आडवा दगड, त्यावर उभा एक तिकोनी पत्रा, आणि पत्र्याची तिरकी धार आपण जितक्या अक्षांशावर राहतो तितक्या अंशांत उचललेली. यंत्र संपलं. पुस्तक परदेशी होतं आणि त्यातला पत्रा एक्कावन्न अंशांचा होता. मुलुंडला एकोणीस अंश दहा मिनिटं लागतात. आमच्या पत्र्याचा पाया साठ सेंटिमीटर आणि उंची जेमतेम एकवीस. शेजाऱ्यांना ती घसरगुंडी वाटली.

तासांच्या रेघाही सारख्या अंतरावर नसतात. आमच्या अक्षांशावर अकरा आणि बारा यांच्यात फक्त पाच अंशांची फट येते, चार आणि पाच यांच्यात एकवीस अंशांची. स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडाप्पा मिळाला, त्यावर मी या रेघा छिन्नीने कोरल्या. तीन मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा मधोमध बसवला. उत्तर दिशा शोधायला होकायंत्र नेलं, पण गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ते चार पावलांवर चार वेगळ्या उत्तर दिशा दाखवू लागलं. शेवटी एक काठी उभी केली, तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवलं त्या दोन खुणांच्या मधोमध उत्तर पकडली. ती सापडल्यावर कळलं की आमची इमारतच उत्तरेपासून अकरा अंश पूर्वेला फिरलेली आहे. म्हणजे दगड बरोबर बसवायचा तर कठड्याशी अकरा अंश वाकडा दिसणार. मी तसाच बसवला, सिमेंटमध्ये.

सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं. त्यातल्या बावीस बिऱ्हाडांनी येऊन मला सांगितलं की दगड वाकडा बसलाय. तेविसाव्यात आम्ही राहत होतो. चोविसावं बंद होतं.

दुसरी तक्रार वेळेची. "तुमचं घड्याळ अडतीस मिनिटं मागे आहे."

"मागे नाही. आपल्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलंय. मुलुंड बहात्तर अंश सत्तावन्न मिनिटांवर. एका अंशाला चार मिनिटं. तुम्हीच हिशेब करा."

कोणी केला नाही. शिवाय सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही, तो नोव्हेंबरात सोळा मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे. हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे त्या धूमकेतूवाल्या तिघांसारखं पाहू लागले. मी दुरुस्तीचा तक्ता केला, बारा महिन्यांचा, आणि प्लास्टिकमध्ये घालून दगडाशेजारी अडकवला.

सोसायटीचे चेअरमन तिसऱ्या मजल्यावर राहायचे. ते मूळचे मालवणकडचे, मोठ्या आवाजाचे, मनाने साधे. त्यांनी तो तक्ता पूर्ण वाचला, आणि म्हणाले, "म्हणजे किती वाजले ते कळायला आधी घड्याळ बघायचं, मग तक्ता, मग तुमचा दगड?"

"घड्याळ नाही बघायचं."

"मग तक्त्यात तारीख बघायला कॅलेंडर तरी?"

मी तक्त्याच्या प्लास्टिकवरची धूळ पुसली.

खरा उपयोग बायकांना झाला. काळा कडाप्पा तापायचा झकास, त्यावर पापड दोन तासांत वाळायचे. मी वेळ पाहायला वर जायचो तेव्हा दहापासून दोनपर्यंत पोह्याचे पापड पसरलेले असायचे, आणि झाकायचं फडकं पत्र्याच्या टोकाला बांधलेलं.

दोनेक महिने असे गेले. मार्चअखेरीस सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव केला. गळती होतीच, वरच्या मजल्यावर पावसाळ्यात पलंग सरकवून झोपायचे. काम मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या आत उरकायचं होतं. कंत्राटदाराने सगळी गच्ची मोकळी मागितली.

चेअरमननी मला बोलावलं. "कुंड्या जाणार. मोडक्या सायकली जाणार. तुमचा दगडही जाणार. गवंडी फोडून काढेल."

"तो फोडला तर परत होणार नाही. रेघा कोरायला मला अकरा रविवार लागलेत."

"पण त्याचा उपयोग काय, ते सांगा ना! काहीतरी उपयोग सांगा, मी कमिटीत बोलतो."

मी उपयोग शोधत उभा राहिलो. पापडांचं नाव घेणं मला कमीपणाचं वाटलं.

त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मेच्या मध्यावर, आमच्याच आवारात मांडव घालून, मुहूर्त बारा वाजून चौतीस मिनिटांचा. मुलाचे काका अतिशय काटेकोर. त्यांच्या घरातल्या मागच्या लग्नात अक्षता चार मिनिटं उशिरा पडल्या होत्या आणि ते अजून त्या गुरुजींचं नाव घ्यायचं टाळत. बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी चेअरमनच्या घरातली घड्याळं पाहिली. भिंतीवरचं एक सांगत होतं, टीव्हीवरचं दुसरं, आणि चेअरमनच्या मनगटावरचं तिसरं.

"तुमच्याकडे नक्की किती वाजतात?" काकांनी विचारलं.

चेअरमनना ते लागलं. त्या आवेशात ते म्हणाले, "आमच्या गच्चीवर सूर्याचं घड्याळ आहे. मुहूर्त त्याच्यावर देऊ. शास्त्रोक्त."

मग पाहुणे गेल्यावर ते धावत माझ्याकडे आले. "चालतं ना ते?"

मी तक्ता पाहिला आणि मला हसू आवरेना. मेच्या मध्यावर दुरुस्ती येते अडतीस वजा पावणेचार, म्हणजे चौतीस मिनिटं आणि काही सेकंद. पंचांगातला बारा चौतीस म्हणजे माझ्या दगडावरचे बरोब्बर बारा! भर मध्यान्ह. रेघ सर्वांत खोल कोरलेली, मधली. याहून सोपा मुहूर्त कोणी काढला नसता.

"चालतं म्हणजे काय! अर्ध्या मिनिटाच्या आत देतो."

"मग असं करू," चेअरमन म्हणाले. "त्याने बरोबर वेळ दाखवली तर दगड राहील, कमिटीत माझा शब्द. नाही दाखवली, तर गवंडी पहिला घाव त्याच्यावर घालेल. आणि त्या दिवशी तुमचं मनगटी घड्याळ माझ्या खिशात. नाहीतर हळूच बघाल."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात?"

"आकडे जुळतायत."

"तुमचे आकडे नेहमी जुळतात. म्हणूनच भीती वाटते."

मी तयारीत काही कमी ठेवलं नाही. सुट्टीच्या दिवशी आणि जमेल तेव्हा कारखान्यातून दुपारची सवलत काढून मध्यान्हीला गच्चीवर जात होतो. पत्र्याच्या उंच टोकाची सावली उत्तरेला बाराच्या रेघेवर येते की नाही ते पाहायचं, आणि तिची लांबी वहीत लिहायची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीस मिलिमीटर. चोवीस तारखेला तेवीस. पाच मेला अकरा. तेरा मेला तीन. वेळ प्रत्येक खेपेला बरोबर. वही आजही माझ्याकडे आहे. ते चार आकडे एकाखाली एक, नीट, शाईने लिहिलेले आहेत. चाळीस, तेवीस, अकरा, तीन. पाचवा आकडा काय येणार हे चौथीतलं पोर सांगेल. मला सुचलं नाही. मी वेळ जुळते का ते बघत होतो, आणि वेळ जुळत होती.

लग्नाच्या दिवशी गच्चीवर आम्ही तिघं होतो. मी, हातात स्टीलची थाळी आणि पळी घेतलेली बायको, आणि नवरीची आत्या. ठरलं असं होतं की मी इशारा केला की बायको कठड्यावरून थाळी वाजवणार, ती ऐकून खाली गुरुजी शेवटचं 'सावधान' म्हणणार आणि फाटकाजवळचा बँड सुरू होणार. आत्या तिथे असणं मात्र ठरलेलं नव्हतं. ती चेअरमनची थोरली बहीण, लग्नासाठी गावाहून आलेली. मुलाकडच्या काकांनी आणलेली मानाची साडी पोपटी निघाली म्हणून ती रुसून वर येऊन बसली होती, त्या दिवशी बाजूच्या चटईवर घातलेले पापड राखायला. चेअरमननी खालून ओरडून तिलाच साक्षीदार नेमलं. "माझी बहीण खोटं बोलणार नाही!"

"पोपटी!" आत्या आम्हाला म्हणाली. "माका पोपटी! मी काय राघू आसंय?"

सव्वाबारापर्यंत सगळं सुरळीत होतं. सावली पत्र्याच्या पश्चिमेला, बोटभर रुंद, हळूहळू पत्र्याकडे सरकत होती. खाली लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली. आधी गुरुजींची, मग मुलाच्या मामींनी स्वतः रचलेली, त्यात दोन्ही घरांतल्या सगळ्या माणसांना एकेका ओळीत कोंबलेलं. मी गुडघे टेकून दगडाला नाक लावलं. सावली सुतळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग ती पत्र्याखाली गेली.

आता ती बाराच्या रेघेवर, उत्तरेला बाहेर निघायला हवी होती.

निघाली नाही.

मी दगडाला फुंकर मारली. रेघ स्वच्छ होती, सावली नव्हती. वर पाहिलं तर ढगाचा कपटाही नाही. ऊन असं की पितळेला हात लावता येईना. आणि पत्र्याला उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे, कुठेही सावली नाही. यंत्र जणू नव्हतंच.

"वाजवू?" बायको.

"थांब."

खालून चेअरमनचा आवाज. "झालं का हो?"

"थांबायला सांग!"

"थांबा म्हणतायत!" बायको कठड्यावरून ओरडली. खाली कोणीतरी आणखी एक मंगलाष्टक घेतलं. या खेपेला चाल चुकीची होती आणि त्यांनी ती मध्येच बदलली.

मला कंत्राटदाराचा गवंडी दिसू लागला, घण घेतलेला. अकरा रविवार. मी पत्र्याच्या भोवती गुडघ्यांवर रांगत फेरी मारली. बायको म्हणते त्या वेळी मी "कुठे गेली, कुठे गेली" असं म्हणत होतो. मला आठवत नाही, पण ती खोटं सांगणार नाही.

"काय शोधतंस रे?" आत्या.

"सावली! सावली गेली!"

"आता गे बाय," आत्या हसली. तिने आपल्या पायांकडे बोट दाखवलं. "माझीय खंय आसा? सूर्य माथ्यार इलो. आमच्या थंय वैशाखात दोन दिस असां होताच. पोरां मुसळ उभा करून बघतत." मग ती माझ्या बायकोकडे वळली. "उभी काय रवलंस? वाजय गो!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याच्या पायांकडे पाहत होतो. तिथे सावली नव्हती. पाण्याच्या पाइपाला सावली नव्हती. टीव्हीच्या अँटेनाच्या खांबाला सावली नव्हती. चाळीस, तेवीस, अकरा, तीन, शून्य. सूर्य बरोबर डोक्यावर, म्हणजे मध्यान्ह, म्हणजे बारा, म्हणजे बारा चौतीस. आत्ता!

"वाजव!" मी इतक्या जोरात ओरडलो की थाळीची गरजच राहिली नाही. तरी तिने वाजवली. आत्याने पळी ओढून घेऊन आणखी सात-आठ वाजवल्या. खाली 'सावधान' झालं, बँड फुटला, आणि आत्या रुसवा विसरून पापड तसेच टाकून खाली पळाली.

मी पुन्हा दगडाकडे पाहिलं, तर पत्र्याच्या पूर्वेला केसाएवढी सावली बाहेर येऊ लागली होती.

जेवणाच्या पंगतीत काकांनी मला हाक मारून जवळ बसवलं. त्यांच्या घड्याळात थाळी वाजली तेव्हा बारा चौतीस आणि चाळीस सेकंद झाले होते. चेअरमननी खिशातून माझं घड्याळ काढून त्याच क्षणी पाहिलं होतं. त्यात बारा चौतीस आणि तीस. काका म्हणाले, "असं यंत्र आमच्याकडे हवं." चेअरमनची छाती मांडवाएवढी झाली.

इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं असतं. पण पुढच्या रविवारी कमिटीची सभा होती, आणि चेअरमननी भर सभेत विचारलं, "सांगा सगळ्यांना. काय दाखवलं तुमच्या दगडाने?"

मी म्हणालो, "काही नाही."

"म्हणजे?"

"काही दाखवलं नाही. बारा चौतीसला त्याच्यावर सावलीच नव्हती."

सभेत सात माणसं होती. सगळी माझ्याकडे पाहू लागली. सेक्रेटरींनी कागद काढला. "ठराव असा आहे: बरोबर वेळ दाखवली तर राहील. हे स्वतः म्हणतायत, काही दाखवलं नाही. विषय संपला."

"पण वेळ बरोबर आली ना?" चेअरमन.

"वेळ आली. दाखवली नाही." सेक्रेटरी.

"वेळ आली ती कशावरून आली?"

"न दाखवल्यावरून," मी म्हणालो. ते खरं होतं, पण माझ्या बाजूचं नव्हतं.

अर्धा तास हा वाद चालला. एका सभासदाने विचारलं की बंद पडलेला पंखाही काही दाखवत नाही, मग तो ठेवायचा का. शेवटी चेअरमननी साक्षीदाराला बोलावलं. आत्या गावी परतायला दोन दिवस होते. ती आली, हातात निवडायची भाजी तशीच.

"तुमी सगळे शिकलेले ना?" ती म्हणाली. "तेची सावळी बरोबर टायमार गेली. आणखी काय व्हया तुमका? दगडान तोंडान सांगूक व्हया?" आणि जाता जाता, "पापड खंय वाळत घालूचे मग?"

पापडांवर मतं घेतली असती तर सगळीच्या सगळी माझ्या बाजूने पडली असती, कारण त्या सातही जणांच्या घरचे पापड माझ्या दगडावर वाळत होते. ठराव असा झाला की दगड फोडायचा नाही. गवंड्याने अखंड उचलायचा, वॉटरप्रूफिंग करायचं आणि होता तिथे परत सिमेंटमध्ये बसवायचा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "हो, दाखवलं, असं म्हणायला काय जात होतं?"

"पण दाखवलं नव्हतं."

तिने ताटं मांडली. तिला धूमकेतूची शेपटी आठवली असावी.

दगड परत बसवला त्या दिवशी मी कामावर होतो. लग्नाच्या तयारीत रजा संपल्या होत्या. गवंड्याला मी कागदावर चित्र काढून दिलं होतं, खुणा केल्या होत्या, दोनदा समजावलं होतं. संध्याकाळी धावत वर गेलो. दगड होता. स्वच्छ, पुसलेला, पत्रा चकाकलेला. आणि कठड्याला अगदी समांतर.

गवंडी हात पुसत उभा होता. "साहेब, आधी कोणी तरी वाकडा बसवला होता. मी लाइनीत घेतला."

मी दगडाच्या दोन्ही टोकांपासून कठड्यापर्यंतचं अंतर वितीने मोजलं.

"सगळे म्हणत होते ना वाकडा आहे," तो म्हणाला. "चोवीस घरांतल्या लोकांनी सांगितलं."

बावीस, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी चेअरमनना सांगितलं की दगड पुन्हा काढून अकरा अंश फिरवावा लागेल. ते गंभीर झाले. "नाही हो. आता हात लावला तर वॉटरप्रूफिंगची गॅरंटी जाते. दहा वर्षांची आहे." वरच्या मजल्याचे पलंग माझ्या डोळ्यांसमोर आले. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग मी नवा तक्ता केला. अकरा अंशांची चूक डिसेंबरात सर्वांत जास्त भोवते, जवळजवळ अर्धा तास. नेहमीचे अडतीस धरून घड्याळ दुपारच्या वेळी तासाहून दहा मिनिटं मागे पडतं. उन्हाळ्याकडे येत येत ही चूक आकसत जाते. चेअरमन पाहुण्यांना हौसेने वर घेऊन जातात. "आमच्या मुलीचा मुहूर्त या घड्याळावर!" नाताळात आलेल्या जावयाने मनगट पाहिलं आणि म्हणाला, "पण बाबा, हे एक तास..." चेअरमननी त्याला मध्येच थांबवलं. "त्याला दुरुस्ती असते. तक्ता वाच."

सूर्य डोक्यावर आला की मात्र दगड कसाही फिरवा, पत्र्याची सावली पत्र्याखालीच जाते. तेव्हा वर्षातून दोन दुपारी ते बिनतक्रार बरोबर असतं. त्यातली दुसरी जुलैअखेरची, ढगांत जाते. पहिली मेच्या मध्यावर. त्या दिवशी मी अर्धी रजा काढून वर जातो. चेअरमन येतात, आत्या मुंबईत असली तर तीही येते, पोपटी साडी नेसून, कारण वापरायला ती चांगली निघाली. आम्ही दगडाभोवती उभे राहून बारा चौतीसला काहीच दिसत नाही ते पाहतो.

थाळी मात्र आता वाजवत नाही. पुढच्या वर्षी हौसेने वाजवली होती, तर दोन्ही विंगांमधले लोक पाण्याचा टँकर आला समजून बादल्या घेऊन खाली उतरले होते.